पेन्सिलच ना?

खोली भाड्यानं मागायला आलेल्या बाईकडे घरमालक काय मागतो? आधार कार्ड, दोन फोटो, फार झालं तर कुणाची तरी ओळख. काकांनी माझ्याकडे पेन मागितलं.

मला वाटलं, काहीतरी लिहून घ्यायचं असेल. मी पर्समधलं काळं पेन दिलं. त्यांनी जाडसर पांढऱ्या कागदाची एक पट्टी काढली, खालून दोन बोटं जागा सोडून पेन्सिलीनं आडवी रेघ मारली, त्या रेघेवर माझ्या पेनानं एक ठिपका टेकवला आणि पट्टी मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत उभी सोडली. बरणीच्या तळाशी पाण्यासारखं काहीतरी होतं, दवाखान्यासारखा वास येणारं. पट्टीचं टोक तेवढं बुडलं, ठिपका वर कोरडा राहिला. बरणीला झाकण लावून ते मला म्हणाले, बैस, घाई आहे का? घाई तर होतीच. माझं सगळं सामान स्टेशनवर पडलं होतं. पण मी बसले. का बसले ते मला आजही सांगता येत नाही.

कागद खालून ओला होत होत वर चालला. ओल ठिपक्यापर्यंत पोचली आणि माझा चांगला काळाकुट्ट ठिपका फुटला. त्यातून एक पिवळसर डाग निघून थोडं वर जाऊन थांबला, त्याच्या वर जांभळा, सगळ्यांत वर निळा. काळं म्हणून कुठं काही उरलंच नाही. काकांनी पट्टी बाहेर काढली, ओल जिथवर चढली होती तिथं घाईघाईनं पेन्सिलीची खूण केली, पट्टी दोरीवर स्वतःच्या दोन बनियनांच्या मधे चिमट्यानं अडकवली आणि खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

परीक्षा पेनाची झाली की माझी, आणि पास कोण झालं, मला काही उमगेना. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, दुसरी खोली बघ.

मी भुसावळची. रेल्वेतली बदली, एकटीचा संसार आणि जिभेवर ताबा नाही, एवढ्या भांडवलावर बनारसला आले होते. दूधविनायकाच्या गल्लीत आपली मराठी माणसं आहेत, तिथं खोली मिळेल, असं ऑफिसातल्या एकानं सांगितलेलं. काकांचे पणजोबा की खापरपणजोबा वेद शिकायला म्हणून काशीला आले आणि परत गेलेच नाहीत. घरात सगळे दशग्रंथी. काका तेवढे रसायनशास्त्राकडे वळले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांकडून प्रयोग करवून घेण्यात त्यांची सारी नोकरी सरली. गल्ली त्यांना मास्टरसाहब म्हणायची. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. खाली ते एकटे राहत, वर मी.

त्यांचं मराठी ऐकून पहिले काही दिवस मी गोंधळूनच जायची. "पेन्सिल छिलून आण" म्हणाले की मला कळायचं नाही, हिला सोलायचं कसं? मग लक्षात आलं, टोक करायचंय. "परेशान नको होऊ" हे त्यांचं सांत्वन, आणि "बेकार गोष्ट" ही सगळ्यांत मोठी शिवी. ती शिवी मी रोज दोनदा तरी खायची.

कारण त्या घरात राहायचं म्हणजे कागदाच्या कायद्यानं राहायचं. दोरीवर कपडे कमी आणि पट्ट्या जास्त. फडताळात लोणच्याच्या बरण्या आहेत म्हणून झाकण उघडावं तर आत पट्टी उभी, आणि मागून काका ओरडतात की हवा लागली, आता रंग वाकडा चढेल. माझं काजळ त्यांनी बघितलं. माझ्या नव्या कुर्त्याचा सुटलेला रंग बघितला. चौकातल्या बाईकडचं कुंकू आणलं, तर त्यात हळदीचा पत्ताच नव्हता, नुसता गुलाबी रंग सरसर वर चढला. ती पट्टी घेऊन ते त्या बाईकडे गेले. तिनं ती निरखून बघितली आणि म्हणाली, वा मास्टरसाहब, बहुत सुंदर है, एक हमको भी दे दीजिए. काकांनी घरी येऊन ती पट्टी जुन्या पट्ट्यांच्या फायलीत लावून टाकली. गल्लीत त्यांना सगळे मान द्यायचे, विचारायचं मात्र कुणी काही नाही.

त्यांच्या कागदाला बोट लावायची परवानगी नव्हती. कडेला धर, चिमट्यानं धर, बोटाला तेल असतं, घाम असतो, तेही वर चढतं. रेघ पेन्सिलीचीच, कारण शिसं जागचं हलत नाही. आणि एक गोष्ट तर ते जेवताना, जिना चढताना, कुठंही सांगत: ओळखीचं शेजारी ठेव, मग अनोळखी विचार. म्हणजे काय, तर कुठल्याही डागाकडे नुसतं बघून तो कोण हे सांगता येत नाही. त्याच कागदावर, त्याच पाण्यात, शेजारी एक माहीत असलेला रंग सोडायचा. दोघं सारखेच चढले तर ओळख पटली. मग फूटपट्टी घेऊन डाग किती चढला, ओल किती चढली, याचं माप काढायचं. ओल दहा बोटं आणि डाग सहा, तर त्या पाण्यात त्या रंगाचं प्रमाण तेच, आज काय नि उद्या काय. मी एकदा म्हटलं, काका, सगळे रंग एकाच पाण्यातून चाललेत तर सगळे बरोबरच का नाही पोचत? तर म्हणाले, उद्या सकाळी माझ्याबरोबर घाटावर चल.

गेले. रविवारची झोप घालवून गेले. अहिल्याबाई घाटावर त्यांचा दोस्त उभा होता. हा आमच्याच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मिठाईच्या दुकानाचा मालक, गोल, हसरा, कपाळाला चंदन. हे दोघं रोज पहाटे अहिल्याबाई घाटावरून निघून पायऱ्यापायऱ्यांनी संकठा घाटापर्यंत चालत जायचे, चाळीस वर्षं. निघाले. काका खाली मान घालून सरळ. हलवाई प्रत्येक पायरीला थांबणार. नाववाल्याशी बोलला, फुलवालीच्या नातवाची चौकशी केली, एका म्हशीलाही काहीतरी म्हणाला. काका आणि मी संकठा घाटावर जाऊन बसलो तरी हा गृहस्थ मागं कुठंतरी ठिपक्याएवढा. काका म्हणाले, बघ, निघालो एकाच जागेवरून, रस्ताही एकच. ज्याला कागदाची ओढ जास्त तो मागं राहतो, ज्याला पाण्याची तो पुढं जातो. आता सांग, यात माझा दोस्त कोणता रंग?

मी म्हटलं, पिवळा. आयुष्यात पहिल्यांदाच ते माझ्यावर खूश झाले.

त्या दुकानात काका बाकड्यावर तासन्‌तास बसत, पण रंगीत मिठाई त्यांनी कधी तोंडात घातली नाही. पांढरा पेढा, नाहीतर दही. हलवायाची परवलाची मिठाई सगळ्या भागात नावाजलेली होती. परवल म्हणजे तिकडची ती तोंडलीसारखी भाजी. पोटात खवा भरून पाकात मुरवतात. हिरवीगार. हलवाई सांगायचा, रंग एक थेंब नाही, उकळताना चिमूटभर सोडा, बस. काका म्हणायचे, दोस्त आहेस म्हणून मानतो, पण खाणार नाही. चाळीस वर्षांत त्यांनी त्या मिठाईची पट्टी केली नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, दोस्ताची परीक्षा घेणं बेकार गोष्ट आहे.

आता डोळ्यांचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्यांना दिसेनासं होत चाललं होतं. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की आता नंबर वाढवून काही उपयोग नाही. हे मला कळलं ते औषधाच्या चिठ्ठीवरून. ते कधी बोलले नाहीत. गल्लीतले दगड पायांना पाठ, घरातल्या वस्तू हातांना पाठ. पण पेन्सिलीची रेघ ही वस्तूच अशी की ती हाताला लागत नाही. काचेची केसाएवढी नळी घेऊन ते रेघ शोधत बसत, नाक कागदाला टेकेपर्यंत वाकत, आणि थेंब भलतीकडेच पडे. मग म्हणत, नळी खराब आहे. चिमटा खराब, उजेड खराब, भिंगही खराब. मी समोर बसून बघायची आणि मला कळायचं नाही की हसू येतंय का रडू.

त्या वर्षी भाद्रपदात गंगा खूप चढली. घाटाघाटांचा रस्ता पाण्याखाली गेला, दोघांची फेरी बंद, म्हणून दोघं दिवसभर दुकानाच्या बाकड्यावर. आमच्या मराठी मंडळींचा गणपती बसला होता. तिसऱ्या दिवशी प्रसादाला परवलाची मिठाई होती, आणि त्या रात्रीपासून दहा-बारा जणांची पोटं बिघडली. पुराच्या दिवसांत बनारसला कुणाचं पोट धड असतं? पण कुणीतरी म्हणालं की ती मिठाई जरा जास्तच हिरवी होती, आणि झालं. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळी गल्ली हलवायाच्या दुकानाकडे तिरकं बघायला लागली. मंडळाचे दोघं जण आमच्याकडे आले आणि काकांना म्हणाले, तुम्ही करता ना ते कागदाचं, करून सांगाल का?

इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. त्यांनी सदऱ्याची बटणं लावली. नाही म्हणाले. दोस्ताची परीक्षा घेत नाही म्हणाले. तेवढ्यात हलवाई स्वतःच पानावर दोन परवल घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "कर लीजिए मास्टरसाहब. आप जो कहेंगे, हम मान लेंगे."

मग तयारी झाली. रुंद कागद, खाली मी मारलेली पेन्सिलीची रेघ, रेघेवर पेन्सिलीच्या तीन फुल्या. डावीकडे घरी उकळलेल्या परवलाचा रस, उजवीकडे बाजारचा खायचा हिरवा रंग, मधे दोस्ताची मिठाई. ओळखीची दोन शेजारी, अनोळखी मधे. डावा थेंब टाकायला त्यांना चार कागद बदलावे लागले. उजव्याला आणखी दोन. दर वेळी मी नव्यानं रेघ मारायची. बाहेर मंडळाचे लोक खाकरत होते. डावा-उजवा नीट जमलेला कागद हातात आला तेव्हा ते हात धुवायला उठले. मला राहवलं नाही. मी पर्समधलं तेच काळं पेन काढलं आणि मधली फुली गिरवून ठसठशीत केली. बिचाऱ्यांना दिसू दे, एवढंच मनात. दुसरा विचार डोक्याला शिवलाही नाही. मी तशीच आहे, आधी हात चालतो.

ते परत आले, वाकले, आणि थबकले. "पेन्सिलच ना?"

"हो हो, पेन्सिलच," मी म्हटलं.

त्यांनी नळी टेकवली. एका झटक्यात, बरोबर फुलीवर. मान वर करून माझ्याकडे बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू. "बघ," म्हणाले, "मधला एकदम साफ दिसला." मलाही इतकं बरं वाटलं.

मग झाकण, मग वाट बघणं. डावीकडे घरच्या परवलाचा मळकट हिरवा जागेवरच जरासा हलला. उजवीकडे बाजारचा हिरवा फुटून पिवळा आणि निळा झाला. आणि मधे खाली मळकट हिरवा, पण त्याच्या वर, बऱ्याच वर, एक जांभळा आणि एक निळा. काकांनी भिंगातून बघितलं, मला मापं घ्यायला लावली. मधला निळा बाजारच्या निळ्याशी जुळेना. त्यांनी भिंग पुसून पुन्हा बघितलं. मग बाहेर जाऊन मंडळाला सांगितलं, बाहेरचा रंग आहे. खायचा पण नाही, दुसराच काही आहे. हलवाई तिथंच उभा होता. त्यानं हात जोडले आणि गेला.

तुम्हाला वाटेल मला तेव्हाच कळलं असेल. नाही हो. मी आपली गोंधळात, की एवढा सज्जन माणूस आणि असं कसं केलं यानं. तीन दिवसांनी ऑफिसात पाण्याचा ग्लास सांडला, माझी सही ओली झाली, आणि तिच्यातून जांभळं-निळं पसरलं. सही त्याच काळ्या पेनानं केलेली.

त्यानंतरचे तीन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत वाईट. हलवायानं परवल करायचं सोडलं होतं. दुकान उघडं, पण परातीची जागा रिकामी, आणि बाकडं उचलून आत ठेवलेलं. जाणारे-येणारे कुजबुजत. काका घरात बसून होते, बरण्या पालथ्या घातलेल्या. सांगावं तर काकांना काय सांगू? की तुम्हाला पेन आणि पेन्सिल यांतला फरक दिसला नाही? त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? आणि न सांगावं तर त्या बापड्याचं नाव धुळीला मिळालेलं. जिना उतरायची, अर्ध्यावरून परत चढायची. आईला विचारलं, ती म्हणाली बदली मागून घे. देवीलाही विचारून आले, संकठा म्हणजे संकटात धावणारी म्हणून. ती काही बोलली नाही.

चौथ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. मी सकाळीच खाली गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. मधली फुली मी पेनानं गिरवली होती. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. एवढं बोलून मला रडू फुटलं.

 मला वाटलं, आता किल्ली मागतील. काका उठले, चाचपत कपाटाशी गेले, पट्ट्यांची फाइल काढली आणि माझ्यापुढं ठेवली. माझी पहिल्या दिवशीची पट्टी शोधायला सांगितलं. सापडली. कडेला त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, भुसावळवाली, काळं पेन. मग म्हणाले, त्या दिवशीचा कागद शेजारी ठेव आणि मापून सांग. मी फूटपट्टी घेऊन मापलं. जांभळा तेवढाच चढला होता, निळाही तेवढाच. पिवळा परवलाच्या हिरव्यात बुडाला होता, म्हणून दिसला नव्हता.

"एक आहेत?"

"एकच आहेत, काका."

त्यांनी टोपी घातली. दोन्ही कागद कडेनं धरून ते निघाले, मी मागोमाग. दुकानापुढं विसर्जनाच्या तयारीची गर्दी होती, मंडळाचेही लोक होते. काकांनी दोन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ऊपर का रंग मिठाई का नहीं, पेन का है, गलती हमारी है. कुणीतरी विचारलं, मास्टरसाहब, आपसे ऐसी गलती?  मी पुढं झाले, माझं नाव सांगायला. काकांनी हातानं मला मागं सारलं.

"हमको अब दिखाई नहीं देता," ते म्हणाले.

 हलवाई आतून बाहेर आला. काकांनी त्याच्याकडे परवल मागितलं. तो म्हणाला, केलं नाही, आठ दिवस झाले. तर म्हणाले, कर, बसतो. बाकडं बाहेर आलं. खवा परतून, परवल उकळून, पाकात मुरून मिठाई तयार व्हायला दुपार झाली. गणपती निघून गेला तरी काका तिथंच. मग त्यांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती हिरवीगार मिठाई खाल्ली, सगळ्यांसमोर, एक नाही दोन. हलवाई शेजारी बसून रडत होता आणि गोड जास्त झालंय का विचारत होता.

घरी येताना मी वाट बघत होते की आता मला बोलतील. निदान बेकार गोष्ट तरी म्हणतील. तेही म्हणाले नाहीत. आणि खरं सांगू का, मला अजूनही एक गोष्ट कळलेली नाही. पेन्सिलच ना, असं त्यांनी का विचारलं? शंका आली होती, मग माझ्या एका 'हो'वर का सोडून दिली? की त्या दिवशी त्यांनाही 'हो'च ऐकायचं होतं? मागच्या वर्षी ते गेले. आता कुणाला विचारणार.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालून काकांची हाक आली होती. टेबलावर बरणी, कागद, नळी, आणि कुणीतरी दिलेलं जास्वंदीचं फूल. मला पेन्सिल छिलायला सांगितली, रेघ मारायला लावली. मी मारली.

"पेन्सिलच ना?"

"पेन्सिलच, काका."

त्यांनी मान डोलावली, नळी उचलली आणि वाकले. नळी रेघेपासून चांगली इंचभर लांब चालली होती. मला कळेना, बोलू की नको. बोललं तर लागेल, न बोललं तर कागद जाईल. शेवटी म्हटलं, काका, जरा उजवीकडे.

त्यांचा हात हवेतच थांबला. थेंब टाकताना कागदाजवळ त्यांनी आजवर कुणाचं बोट येऊ दिलं नव्हतं.

"मग बघत काय बसलीस?" ते म्हणाले. "हात धर."